पॅनमनच्या बोटांतलं ज्ञान कुणाच्या मालकीचं?

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाताना बिद्री लागतं. कागल तालुक्यातलं गाव, पण जिल्ह्यात 'बिद्री' म्हटलं की गावाआधी कारखाना आठवतो. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना हे त्याचं कागदावरचं नाव. चहाच्या टपरीवर ते कुणी उच्चारत नाही. "यंदा बिद्रीचा उतारा किती?" एवढंच विचारतात.

उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली ते प्रमाण. केंद्र सरकार उसाचा जो किमान दर ठरवतं, म्हणजे एफआरपी, तो या आकड्यावर बसतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त, असा हिशेब आहे. टनाला ३४ रुपये ६० पैसे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दहा लाख टन गाळणाऱ्या एखाद्या कारखान्यात ०.१ टक्का म्हणजे ३ कोटी ४६ लाख रुपये होतात, आणि ते उसाच्या बिलातून घरोघरी जातात.

उतारा बराचसा शेतातच ठरतो. उसाची जात, त्याचं वय, पाऊस, तोड झाल्यावर गाडी काट्यावर यायला लागलेला वेळ. पण शेतातून आलेली साखर कारखान्यात हरवतेही. थोडी बगॅसमध्ये जाते, थोडी प्रेसमडमध्ये, आणि सगळ्यात जास्त मळीत. ही शेवटची गळती किती व्हायची, हे काही अंशी पॅनमनच्या हातात असतं.

पॅन म्हणजे मोठं बंद भांडं. आतली हवा खेचून घेतलेली असते, त्यामुळे आटवलेला रस कमी तापमानाला उकळतो, करपत नाही. तो ठरावीक घट्टपणाला आला की त्यात साखरेचे अगदी बारीक कण सोडतात आणि त्या कणांवर दाणा वाढू लागतो. घाई केली तर कण विरघळून जातात. उशीर झाला तर नको असलेले बारीक दाणे आपोआप तयार होतात आणि पुढे सेंट्रिफ्यूगलच्या जाळीतून मळीबरोबर निसटतात. ती नेमकी वेळ ओळखणारा माणूस म्हणजे पॅनमन. तो पॅनमधून नमुना काढतो, काचेवर पसरून उजेडासमोर धरतो, दोन बोटांत घेऊन तार ओढून बघतो. मीटर समोर असतात, नाही असं नाही. पण आज आलेला ऊस कालच्यापेक्षा शिळा आहे, म्हणून आज थोडं थांबायला हवं, हे त्याला बोटं सांगतात.

आता हा माणूस नोकरी सोडून दुसऱ्या कारखान्यात गेला तर? कागल तालुक्यात ते अवघड नाही. कागलचा शाहू आहे, हमीदवाड्याचा मंडलिक आहे, बेलेवाडी काळम्माचा संताजी घोरपडे आहे. घर न बदलता मालक बदलता येतो. जाताना तो सोबत नेमकं काय नेतो? स्वतःचं कौशल्य, की कारखान्याचं गुपित?

तुमच्यापैकी जे पुण्यात, बंगळुरात आयटीत आहेत त्यांना हा प्रश्न पॅनमनचा म्हणून लांबचा वाटेल. पण ऑफर लेटरसोबत आलेला बारा-पंधरा पानांचा गोपनीयतेचा करार न वाचता फोनवरच बोटानं सही करून पाठवला असेल, तर हा प्रश्न तुमचाही आहे. पॅनमनकडून असा करार बहुधा कुणी लिहून घेतलेला नसतो, एवढाच फरक.

भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगानं मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात असा कायदा सुचवला, सोबत मसुदाही जोडला. सध्या मात्र जे चालतं ते करार, न्यायालयांचे जुने निकाल आणि १८७२ चा भारतीय करार कायदा यांच्या जोरावर. त्या कायद्याचं २७ वं कलम सांगतं की कुणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. दीडशे वर्षांपूर्वीचं हे कलम नोकरदाराच्या बाजूनं इतकं ठामपणे उभं आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

त्याची कसोटी आपल्याच राज्यात लागली. कल्याणजवळच्या सेंच्युरी रेयॉननं टायरमध्ये वापरायचं सूत बनवण्याचं तंत्र हॉलंडच्या आणि पश्चिम जर्मनीच्या कंपन्यांकडून पैसे मोजून घेतलं होतं. अट अशी की तंत्र गुप्त ठेवायचं आणि कामगारांकडूनही तसंच लिहून घ्यायचं. १९६३ मध्ये गोलिकरी नावाचे एक शिफ्ट सुपरवायझर महिना ३०० रुपयांवर पाच वर्षांच्या करारानं लागले. कंपनीनं त्यांना काही महिने प्रशिक्षण दिलं. १९६४ मध्ये ते कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. तिथंही तेच सूत बनत होतं आणि पगार होता ५६० रुपये. कंपनी कोर्टात गेली. जानेवारी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला: कराराची मुदत संपेपर्यंत, म्हणजे मार्च १९६८ पर्यंत, त्यांना त्या सुताचं तेच काम दुसरीकडे करता येणार नाही. नोकरीच्या मुदतीतलं बंधन वेगळं आणि नोकरी संपल्यावरचं वेगळं, हा फरक न्यायालयानं केला. पुढे १९८० मध्ये कृष्ण मुरगई यांच्या खटल्यात त्याची दुसरी बाजू दिसली. नोकरी संपल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जायचं नाही, ही अट टिकली नाही.

गोलिकरी खटल्यातली साखळी बघण्यासारखी आहे. युरोपातल्या कंपन्यांनी कल्याणच्या कंपनीला बांधलं आणि कल्याणच्या कंपनीनं सुपरवायझरला. गुपिताचे पैसे वरच्या वर फिरले. गप्प बसण्याचं ओझं मात्र साखळीच्या टोकाला असलेल्या, महिना ३०० रुपये घेणाऱ्या माणसापर्यंत उतरलं. कंपनीचा दावा खोटा नव्हता. तिनं खरोखर पैसे ओतले होते. तरी ५६० रुपयांची नोकरी मिळत असताना ३०० वर थांबण्याची किंमत कुणी मोजली, हेही विसरून चालणार नाही.

साधारणपणे कायदा अशी रेघ ओढतो: जे वेगळं काढून दाखवता येतं, म्हणजे सूत्र, आराखडा, ग्राहकांची यादी, ते मालकाचं गुपित. जे माणसाच्या अंगात मुरलं, ते त्याचं कौशल्य. युरोपीय संघानं २०१६ च्या आपल्या निर्देशात हे सरळ लिहून टाकलं आहे. नोकरीच्या नेहमीच्या ओघात प्रामाणिकपणे मिळवलेला अनुभव आणि कसब वापरण्यापासून नोकरदाराला अडवता येणार नाही. वाचताना बरं वाटतं.

पण पॅनवर ही रेघ धरून बघा. पॅन आता स्वयंचलित होत आहेत. सिरपचा घट्टपणा, निर्वात, वाफ, तापमान सगळं सेन्सर मोजतात आणि कधी काय सोडायचं ते प्रोग्रॅम ठरवतो. त्या प्रोग्रॅमला आकडे कुठून मिळतात? काही पुस्तकातून. पण इथल्या उसाला, इथल्या पाण्याला, इथल्या जुन्या पॅनला साजेसे आकडे बसवायचे तर जाणत्या पॅनमनच्या शेजारी बसून त्याचा हात कधी हलतो ते टिपावं लागतं. टिपून झालं की गंमत होते. जे ज्ञान काल त्याच्या बोटांत होतं तेव्हा 'कौशल्य' होतं, म्हणून त्याचं होतं. तेच आज फाइलमध्ये गेलं म्हणून 'गुपित' झालं आणि आता ते दुसऱ्याचं आहे. ज्ञान तेच. फक्त ते लिहून काढणारा वेगळा. उद्या त्या पॅनमननं तीच फाइल पेनड्राइव्हवर घेतली तर तो चोर ठरेल, आणि त्याची बोटं टिपून नेणाऱ्याला कुणी काही म्हणणार नाही.

माझा आक्षेप इथं आहे. ही रेघ ज्ञानाच्या स्वभावावरून ओढलेली नाही, कागद कुणाच्या हातात आहे यावरून ओढलेली आहे. ज्याच्याकडे वकील, सर्व्हर आणि लेटरहेड आहे तो आपलं ज्ञान गुपित करू शकतो. ज्याच्याकडे फक्त हात आहेत त्याला एकच संरक्षण उरतं: न सांगणं.

आणि लोक तेच करत आले. गुऱ्हाळावरच्या गुळव्याकडे बघा. काहिलीत रस उकळतोय, भेंडीचं पाणी घालून मळी वर काढली जातेय, खाली चुलवाणाला जाळ घातला जातोय आणि गुळव्या पाकाकडे बघत उभा आहे. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी होते का, ती किती कडक होते, यावर तो काहील उतरवायची वेळ ठरवतो. मिनिटभर इकडं-तिकडं झालं तर ढेप एकतर बसत नाही नाहीतर काळपट पडते. हे कसब अनेकांनी घरातच ठेवलं, पोराला किंवा पुतण्याला दिलं, आणि कित्येकदा ते त्यांच्याबरोबरच गेलं. आपण याला संकुचितपणा म्हणतो. मी म्हणणार नाही. सांगितल्यावर बदल्यात काहीच मिळणार नसेल, तर न सांगणं हा एवढा एकच सौदा त्याच्या हातात असतो.

दुसरी वाटही कोल्हापुरातच आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या इथल्या ऊस व गूळ संशोधन केंद्रानं गुळाचं शास्त्र मोजून सगळ्यांसाठी मांडलं. पाक साधारण ११५ ते १२० अंशांच्या दरम्यान उतरवायचा असतो, हे कळल्यावर नवशिकाही थर्मामीटर घेऊन उभा राहू शकतो. हे ज्ञान कुणाचं गुपित झालं नाही, हे चांगलंच. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं, बाजार समितीच्या अर्जावर. पण मानांकन 'कोल्हापूर' या नावाचं रक्षण करतं, गुळव्याच्या अंदाजाचं नाही. पेटंटकडे तर त्याला जाताच येत नाही, कारण पारंपरिक ज्ञान हा आपल्या कायद्यानुसार शोध ठरत नाही. म्हणजे बंद वाटेवर त्याला काही मिळत नाही आणि उघड्या वाटेवर त्याचं नाव राहत नाही.

गुपितं घट्ट बांधली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीनं इथं स्वतःचा कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. (पैशांची मदत करणाऱ्यांत गायिका तानीबाई कागलकर होत्या, म्हणजे कागलचं नाव इथंही आलंच.) दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर सगळे त्या कंपनीत घडले. प्रकाश, पडदा, रसायन, कॅमेरा, सगळं तिथं शिकले. आणि १ जून १९२९ ला ते बाहेर पडून त्यांनी त्याच शहरात 'प्रभात' सुरू केली. आजच्या भाषेत सांगायचं तर मुख्य कर्मचारी सगळी विद्या घेऊन स्पर्धक झाले. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार काळ टिकली नाही. बाबूरावांचं नुकसान खरं होतं, ते पुसता येत नाही. पण त्यांना कुणी पाच वर्षांसाठी बांधून ठेवलं असतं तर मराठी सिनेमाचं काय झालं असतं? आणि तो कॅमेरा घडवताना कानस धरलेल्या दामल्यांच्या हातांतली विद्या फक्त कंपनीची होती, असं कोण म्हणेल?

सोडून जाण्याचं स्वातंत्र्य हवं, इथपर्यंत बहुतेक जण मान्य करतात. अडचण येते ती सोडून न जाणाऱ्याची. जो तिथंच राहतो, काहीतरी नवं शोधून काढतो आणि ते कंपनीला देऊन टाकतो, त्याचं काय?

आपला १९७० चा पेटंट कायदा याबाबत जवळजवळ गप्प आहे. शोधकाला पेटंटवर आपलं नाव नोंदवून घेता येतं, ही २८ व्या कलमाची सोय आहे. पेटंट कुणाचं, मोबदला किती, हे करारावर सोडलेलं आहे, आणि करार कोण लिहितं ते आपल्याला माहीत आहे. जर्मनीत १९५७ पासून वेगळा कायदा आहे. नोकरीतला शोध कंपनीनं घेतला तर शोधकाला वाजवी मोबदला द्यावाच लागतो. जपानमधली निळ्या एलईडीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. शुजी नाकामुरांना निचिया कंपनीनं त्या शोधासाठी सुरुवातीला २०,००० येन दिले होते. ते कोर्टात गेले. २००४ मध्ये टोकियोच्या न्यायालयानं २० अब्ज येन द्यायला सांगितले आणि पुढच्या वर्षी साधारण ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. २०१४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. उद्योगांनी मग सरकारकडे धाव घेतली आणि २०१५ मध्ये जपाननं कायदा बदलला. आता तशी आधीच तरतूद केलेली असेल तर शोधाचा हक्क सुरुवातीपासूनच कंपनीचा. अनेक फोनच्या पडद्यामागचा पांढरा उजेड त्या निळ्या दिव्यातून आलेला आहे.

आपल्याच कायद्यात मात्र एक मजेशीर कोपरा आहे. संरक्षणाशी संबंधित शोध असेल तर पेटंट कार्यालय ३५ व्या कलमाखाली तो गुप्त ठेवायचा आदेश देऊ शकतं. परवानगीशिवाय परदेशात अर्ज केला तर तुरुंगाची तरतूद आहे. म्हणजे सरकार शोधकाचं तोंड सरळ बंद करू शकतं. पण त्याच प्रकरणात, ३७ व्या कलमात, असंही म्हटलं आहे की या गुप्ततेमुळे अर्जदाराला झळ बसली असं दिसलं तर सरकार त्याला वाजवी वाटेल ती रक्कम देऊ शकतं. 'देऊ शकतं' म्हणजे दिलंच पाहिजे असं नाही, हे खरं. तरी कुणाला गप्प बसवलं तर त्याला झळ बसते, ही कबुली तिथं आहे. देशाच्या संरक्षणासाठी गप्प बसवताना जी कबुली द्यावीशी वाटली, ती साबणाच्या किंवा साखरेच्या नफ्यासाठी गप्प बसवताना का देऊ नये?

माझ्याविरुद्धचा सगळ्यात तगडा मुद्दा बिद्रीसारख्या ठिकाणीच उभा राहतो. हा कारखाना कुणा शेठजीचा नाही. सभासद शेतकऱ्यांचा आहे. पॅनमन शिकत होता तेव्हा जे पॅन बिघडले, जी साखर मळीत गेली, ती या शेतकऱ्यांची होती. त्यांनी त्याच्या चुकांचे पैसे भरले, मग त्याच्या शहाणपणावर त्यांचा हक्क का नको? शिवाय पॅनमन एकटा काही करत नाही. रस स्वच्छ करणारा, बॉयलरवरचा, लॅबमधला केमिस्ट, सगळ्यांनी मिळून ती साखर होते. त्याला पगार मिळतो, तोही याच कामाचा.

हे सगळं मला पटतं. म्हणून तो शोध सगळाच्या सगळा त्याचा, असं मी म्हणत नाही. पण पगार हा पॅन नीट चालवण्याचा असतो. ज्या युक्तीनं उतारा ०.१ नं वर गेला, ती पगारपत्रकात कुठल्या रकान्यात बसते? उतारा वाढला की शेतकऱ्याचा दर आपोआप वाढतो, त्यासाठी पैशापैशाचं सूत्र आहे. ज्याच्यामुळे वाढला त्याच्यासाठी कसलंच सूत्र नाही. सहकारात तर हे जास्त खुपायला हवं, कारण पॅनवरचा माणूस बऱ्याचदा याच गावांतल्या ऊस घालणाऱ्या घरातला असतो. बाप सभासद, पोरगा कामगार. घरातल्या एकाच्या ज्ञानाचा भाव दुसऱ्याच्या बिलात लागतो आणि त्याला स्वतःला काही दिसत नाही.

आणि कारखान्यानं स्वतःच्या स्वार्थासाठीही याकडे बघावं. पॅन स्वयंचलित करणारी यंत्रणा बाहेरचा पुरवठादार बसवतो. पॅनमनच्या शेजारी बसून टिपलेले आकडे त्याच्या लॅपटॉपवर जातात. तेच आकडे सुधारून तो उद्या शेजारच्या कारखान्याला विकू शकतो. तिथं कारखान्याची अवस्था त्याच्या पॅनमनसारखी होते: ज्ञान आपल्याकडून गेलं आणि लिहून दुसऱ्यानं घेतलं.

वार्षिक सभा सप्टेंबर अखेरपर्यंत होतात. विस्तारवाढ, डिस्टिलरी, इथेनॉल यांवर भरपूर बोललं जातं. ठराव वाचले जातात, "मंजूर, मंजूर" होतं. त्यात पॅनच्या ऑटोमेशनचा ठराव आला, तर एखाद्या सभासदानं उठून विचारावं: पुरवठादाराच्या करारात नोंदींची मालकी कुणाची लिहिली आहे, त्या ज्या पॅनमनकडून टिपल्या त्याचं नाव अहवालात येणार का, आणि पुढच्या हंगामात उतारा वाढला तर त्या वाढीतले किती रुपये त्याच्या नावावर पडणार?